वेलीच्या पलीकडे

(गिरगावातल्या एका वसंत व्याख्यानमालेत झालेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



आधी माफी मागतो. व्यासपीठावर वाळू सांडली आहे, ती माझ्या पिशवीतून. पिशवीत दुधाचा जुना डबा आहे आणि डब्यात एक वेल आहे. तिचं काय ते ओघात येईलच. सभागृहाचे काका मघापासून माझ्याकडे आणि वाळूकडे आळीपाळीनं बघतायत. काका, जाताना मी स्वतः झाडून जाईन. (हशा)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘किनारा कोणाचा?’. विषय संयोजकांचा आहे. मला विचारलं असतं तर मी ‘मर्यादवेल’ एवढंच छापायला सांगितलं असतं. पण मग तुम्ही आला नसतात. वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांना श्रोते मिळायचे ते हजेरीपटावर.

चौपाटी दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे तिची ओळख तुम्हाला करून देत नाही. लोकमान्यांवर 1 ऑगस्ट 1920 ला तिथे अग्निसंस्कार झाले, 1930 मध्ये तिथे मीठ तयार झालं, नोव्हेंबर 1955 मध्ये स. का. पाटील आणि मोरारजीभाईंची सभा तिथेच उधळली गेली. ती तर इथल्या काहींनी उधळलीय. पहिल्या रांगेतले आजोबा मान हलवतायत! आजोबा, खटला चालायची मुदत संपलीय, बिनधास्त हात वर करा. (हशा, टाळ्या)

ही सगळी माणसं जमायची वाळूवर. वाळूला खुर्च्या नसतात, तिकीटखिडकी नसते, आणि तिथून उठवायचा हक्क फक्त समुद्राला असतो. शहरात खिशात हात न घालता दोन तास बसता येतं अशी जागा दुसरी दाखवा. देवळातसुद्धा पेटीसमोरून जावं लागतं.

आता वेल. ही बघा. पान आपट्यासारखं, मधोमध दुभंगलेलं. इंग्रजांना त्यात बकरीचा खूर दिसला आणि आपल्याला दसऱ्याचं सोनं. फूल जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखं. रताळ्याची ही सख्खी चुलत बहीण, पण उपासाला चालत नाही. भरतीच्या रेषेच्या वर, नुसत्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात आणि पाय भाजणाऱ्या उन्हात ही आडवी पसरते. पेरापेराला मुळं सोडते. वाऱ्यानं उडालेली वाळू तिच्या पानांत अडते, तिथे टेंगूळ येतं, टेंगळाची टेकडी होते. हिला मर्यादवेल म्हणतात. हे नाव कुणा शास्त्रज्ञानं नाही दिलेलं, किनाऱ्यावरच्या माणसांनी दिलंय. इथवर समुद्राची मर्यादा आणि इथवर आपली.

माझं आजोळ दाभोळ आणि जयगड या दोन खाड्यांच्या मधलं. गावाचं नाव मुद्दामच घेत नाही. आजी आमसुलं वाळत घालायची ती वेलीच्या अलीकडे, म्हणजे जमिनीच्या बाजूला. आम्ही पोरं खाट घेऊन पुळणीवर झोपायला निघालो की ओरडायची, “वेलीच्या पलीकडे खाट टाकाल तर बघा!” आम्ही विचारायचो, काय होईल? ती म्हणायची, “काही नाही, त्याच्या अंथरुणात झोपलात तर तो उठवील.” तो म्हणजे समुद्र. नवऱ्याचा आणि समुद्राचा उल्लेख ती सारखाच करायची. (हशा)

दहा-बारा वर्षांपूर्वी त्या गावात सुशोभीकरण आलं. कुठल्या खात्याचं, ते सांगत नाही. नकाशा रंगीत होता. भिंत, भिंतीवर पदपथ, पेव्हर ब्लॉक, सिमेंटच्या छत्र्या, पाण्यात उतरायला पायऱ्या. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. गाव एकमुखानं विरोधात होता असं सांगितलं तर ती थाप होईल. होमस्टेवाली पोरं बाजूनं होती. मुंबईची गाडी चकाचक जागा बघून थांबते, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रापण ओढणारे विरोधात होते, कारण जाळं ओढायचं कुठे? आणि आम्ही मे महिन्यात येणारे चाकरमानी दोन्ही बाजूंनी बोलत होतो, ती आमची परंपराच आहे.

एक म्हातारे खारवी बराच वेळ नकाशा न्याहाळत होते. वाचता येत नव्हतं त्यांना. इंजिनिअरसाहेबांना म्हणाले, “साहेब, यात येल कुठं दावलीत?” साहेब म्हणाले, गवत वगैरे दाखवत नाहीत. म्हातारे म्हणाले, “तुमी चैतात आलाव. सरावनात येवा, मग पट्टी लावा.”

आख्खं किनारपट्टीशास्त्र त्या दोन वाक्यांत आलंय. पावसाळ्यात उंच, तापट लाटा वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा रचून ठेवतात. दसऱ्यानंतर समुद्र निवळला की संथ लाटा तीच वाळू चमच्याचमच्यानं परत आणतात. म्हणून पुळण चैत्र-वैशाखात सगळ्यात रुंद दिसते. त्या वेळी मोजणी करणारा माणूस वाळूचं माहेर मोजतो आणि सासर विसरतो. ती रुंदी मोकळी जागा समजून तिथे भिंत घातली की पावसाळ्यातली लाट भिंतीवर आपटते, उलटी फिरते आणि भिंतीचाच पाया खरवडते. मग भिंत वाचवायला दगड, दगड वाचवायला टेट्रापॉड. रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्याच्या बातम्या तुम्ही पावसाळ्यात वाचताच, त्या नव्यानं सांगत नाही.

आमच्याकडे शंभरएक पावलं भिंत झाली आणि मग बायकांनी काम अडवलं. पुरुष निवेदनं देत होते, बायका सिमेंटच्या मिक्सरसमोर बसल्या. काम थांबलं. दोन पावसाळे गेले. भिंतीसमोरची वाळू इतकी उतरली की पायऱ्यांची शेवटची पायरी माझ्या कमरेच्या वर लोंबत होती. खाली उतरायला गावानं लाकडी शिडी लावली. सरकारी पायऱ्यांना खासगी शिडी! (हशा) आणि भिंत नव्हती त्या भागात दिवाळीला वाळू परत आलेली. वेलसुद्धा.

एका गावावरून सिद्धान्त काढू नये, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. पण मी आता निवृत्त आहे.

कायद्याचं थोडक्यात. इंदिरा गांधींनी 1981 मध्ये किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, भरतीरेषेपासून 500 मीटर मोकळे ठेवा म्हणून. त्यातून 1991 ची किनारा नियमन अधिसूचना आली. मग ती दुरुस्त होत होत 2011 ची, 2019 ची. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटर होता, तो 50 वर आला. प्रत्येक दुरुस्तीत समुद्र आहे तिथेच राहतो आणि मर्यादा खाली येते. भरतीरेषा आता उपग्रहावरून ठरते. ठरू दे. पण नकाशावर सही करण्याआधी त्या साहेबानं एकदा चपला काढून वेलीपर्यंत चालत जावं, एवढीच माझी दुरुस्ती आहे.

(सभागृहातून एक महिला : “सर, वेल ठीक आहे. बायकांनी जायचं कुठे? चौपाटीवर शौचालय नको?” टाळ्या.)

ही टाळी मला मिळालेल्या टाळ्यांपेक्षा मोठी होती. ताई, बरोबर आहे तुमचं. हवंच. नाही, मी विरोध करतच नाहीये... म्हणजे सुशोभीकरणाला विरोध करणारा माणूस घाणीच्या बाजूचा, असं जे आमच्यावर लादलं जातं त्याबद्दल मी बोलतोय. शौचालय रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला बांधा, दहा बांधा. माझं भांडण शौचालयाच्या मागून हळूच येणाऱ्या फूडकोर्टाशी आहे. (महिला : “रस्त्यापलीकडे जागा आहे का?”) जागा... तिथल्या जागेचा भाव बघता नसेल. मान्य. हा मुद्दा तुमचा. लिहून घ्या हो कुणीतरी.

मुद्दा असा, की चौपाटीवर काय उभारायचं यावर उच्च न्यायालयानं नेमलेली समिती आहे. परवानग्यांचं तिथे काय होतं, त्याचं एक उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातली महाराष्ट्र रजनी तिथे करायची ठरली. उच्च न्यायालयानं नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि 14 तारखेला कार्यक्रम चालू असताना रंगमंचच पेटला. सुदैवानं जीवितहानी झाली नाही. मी काही सूचित करत नाहीये. अग्निशमन दलाला पाणी आणायला लांब जावं लागलं नसेल, एवढंच. (हशा)

आता एक मिनिट बॅकबेबद्दल. टिपणात नाही, पण गिरगावात उभं राहून नरिमनांचं नाव घ्यायचं नाही म्हणजे कृतघ्नपणा. हा उपसागर बुजवायचा पहिला डाव 1860 च्या दशकातला, तो कापसाच्या सट्ट्याबरोबर 1865 मध्ये बुडाला. दुसरा 1920 च्या दशकात, गव्हर्नर जॉर्ज लॉइडसाहेबांचा. 1145 एकर जमीन काढायची ठरली. आधी समुद्रात भिंत बांधली आणि मग ड्रेजरनं तळाचा गाळ उपसून भिंतीच्या आत ओतला. गाळ म्हणाला, मी इथे कशाला राहू? भिंतीच्या फटींतून तो परत समुद्रात. वर्षानुवर्षं! समुद्रातून काढायचा, समुद्रात जायचा, आणि मधल्या प्रवासाचं बिल मुंबई इलाख्यानं भरायचं. लोक त्याला लॉइडचा मूर्खपणा म्हणायला लागले. तेव्हा खुर्शेद फ्रामजी नरिमन नावाचा वकील कायदेमंडळात उभा राहिला आणि त्यानं एकेक आकडा बाहेर काढला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्यानं त्याच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला. कल्पना करा, साहेबाचं न्यायालय, साहेब फिर्यादी, आणि हा आरोपी. तो निर्दोष सुटला! योजना निम्म्यावरसुद्धा पोचली नाही. जे झालं त्यात तुमचा-माझा मरीन ड्राइव्ह, तेव्हा मी अगदीच नाक मुरडत नाही, संध्याकाळी मीही तिथे बसतो. पण पुढची गंमत ऐका. स्वातंत्र्यानंतर त्याच उपसागरात पुन्हा भराव घातला, त्यावर टोलेजंग इमारती बांधल्या आणि त्या भरावाला नाव दिलं नरिमन पॉइंट. विरोधकाला हरवायची ही आपली खास पद्धत. त्याचं नाव द्यायचं, म्हणजे तो...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

‘सात मिनिटे.’ अध्यक्षमहाराज, अक्षर सुंदर आहे आपलं.

तर गोवा राहिला, आणि तोच महत्त्वाचा होता. दोनापावलाजवळ वायंगिणीची पुळण. एका बड्या हॉटेलाच्या बांधकामामुळे तिथे जायची लोकांची जुनी पायवाट अडली. आसपासची माणसं न्यायालयात गेली, वर्षानुवर्षं भांडली, आणि 2009 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं वाट लोकांची असा निकाल दिला. निसर्गाच्या अशा संपत्तीचं सरकार मालक नव्हे, विश्वस्त, हे तत्त्व त्यात आहे. कुळकायदा, देवस्थान आणि विश्वस्त या विषयांत आपण मराठी माणसं जन्मजात तज्ज्ञ आहोत, त्यामुळे विश्वस्त काय काय करू शकतो ते मी सांगायला नको. (हशा) वरळीच्या कोळ्यांचंही तसंच. कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर ठेवलं होतं, होड्या जाणार कशा? पाण्यात उतरून त्यांनी काम रोखलं आणि 120 मीटर करून घेतलं. रस्ता झालाच, त्यांना तो पाडायचाही नव्हता. त्यांना आपली वाट हवी होती. विकासविरोधी म्हणून हिणवलेल्या माणसांचं मागणं बहुतेक वेळा एवढंच असतं, इतके इतके मीटर. आमचे खारवी, वायंगिणीची माणसं, वरळीचे कोळी, सगळे रेषाच दाखवत होते.

कासवांचं, वेळासच्या कामाचं बोलायचं होतं. मादी रात्री भिंतीला डोकं लावून परत फिरते... राहू दे. सुरूच्या बनांबद्दल तर माझं मत ऐकून वनखात्याचे इथे बसलेले मित्र उठून जातील, तेव्हा तेही राहू दे.

गेल्या आठवड्यात सकाळी सहाला गिरगाव चौपाटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. वेल शोधत होतो. मला नाही सापडली. वाळू विंचरल्यासारखी स्वच्छ, ट्रॅक्टरच्या चाकांच्या रेघा. एका भेळवाल्यानं विचारलं, काही हरवलंय का? मी त्याला पान काढून दाखवलं. तो म्हणाला, “हे गावाला असतं आमच्या.” त्याचं गाव श्रीवर्धनकडचं निघालं. मग अर्धा तास आम्ही...

हो, हो. संपवतो. पंखे बंद व्हायला लागलेत.

डब्यात सात-आठ कांड्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी न्याव्यात, पण बाल्कनीत लावू नका, ग्रिलमधून शेजाऱ्याकडे जाईल आणि सोसायटीत खटला होईल. कोकणात घर असेल तर तिथे न्या, पुळणीवर, दोन पेरं वाळूत पुरा, उरलेली समुद्राकडे तोंड करून मोकळी सोडा. आणि मघाच्या ताई, तुम्ही थांबा जरा. ती रस्त्यापलीकडची जागा कुठे निघू शकेल, ते उद्या सकाळी चालत जाऊन बघू या का?

काका, झाडू द्या इकडे.