कर्ज विकलं गेलं, कागद कुठे आहेत?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजार भरला होता आणि शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव हेच लोण पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. या लोकांना हवं होतं काय? कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते हाती आले की जाळायचे. बऱ्याच गावांत सावकाराच्या अंगाला बोटही लागलं नाही, कागद तेवढे गेले. १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात पैसे मिळाल्याची पावती द्या, हिशेबाचा उतारा द्या, खत करायचं तर गावच्या निबंधकासमोर करा, अशी कलमं आली. भांडण कागद कोणाच्या हातात आहे याचंच आहे, हे सरकारला पटलं होतं. 

कागद कोणाच्या हातात, हाच प्रश्न घेऊन आता चऱ्होलीकडे या. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड पालिकेत आलं. इंद्रायणीकाठची शेतं बघता बघता टॉवर झाली. पंतप्रधान आवास योजनेतल्या पालिकेच्या १४४२ सदनिकाही इथंच झाल्या. इथं घर घेतलेल्या माणसाला विचारा, ‘करारनामा कुठे आहे?’ तो म्हणेल, ‘बँकेत.’ कोणत्या शाखेत, कोणाच्या ताब्यात, हे विचारलं की तो गप्प होतो. त्यात त्याचा दोष नाही. कारण ते बँकेच्या शाखेतल्या माणसालाही अनेकदा ठाऊक नसतं.

बँकेकडच्या तुमच्या फाइलमध्ये असतं काय? नोंदणीकृत करारनामा, मुद्रांक आणि नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, बिल्डरचं ना हरकत पत्र, भरलेल्या पैशांच्या पावत्या. जुनं घर असेल तर आधीच्या मालकांची खरेदीखतं, ओळीनं सगळी. यातली सूची दुय्यम निबंधकाकडून पुन्हा मिळते. करारनाम्याची प्रमाणित प्रतही मिळते. पण सह्या-अंगठ्यांचा अस्सल करारनामा एकच असतो. तो गहाळ झाला की पोलिसात तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हमीपत्र आणि एवढं करून घर विकायला निघालात की घेणाऱ्याची बँक तोंड वाकडं करते.

ही फाइल शाखेत फार दिवस राहत नाही. मोठ्या संस्था ती मध्यवर्ती कोठीत किंवा कागद सांभाळणाऱ्या कंपनीच्या गोदामात पाठवतात. मग एक दिवस तुमचं कर्जच विकलं जातं. आपल्या देशात हे राजरोस चालतं, त्यात वावगं काही नाही. दोन वर्षांपर्यंतचं कर्ज किमान तीन महिने आणि त्याहून लांब मुदतीचं किमान सहा महिने स्वतःकडे ठेवलं की ते विकता येतं, असा रिझर्व्ह बँकेच्या २४ सप्टेंबर २०२१च्या निर्देशांपासून नियम आहे. शेकडो कर्जांची एक मोट बांधून ती एकदम विकतात. विक्रीच्या करारात एक कलम कागदांच्या ताब्याचं असतं: फायली खरेदीदाराकडे जाणार, की विकणाराच त्याच्या वतीनं त्या सांभाळणार? बऱ्याचदा दुसरं घडतं. हप्ता जुन्याच बँकेत, फाइलही जुन्याच गोदामात, पण येणं भलत्याचंच. फाइल कोठीबाहेर काढायची तर लेखी मागणी लागते: कर्ज फिटलं म्हणून, कोर्टात दाखवायची म्हणून, किंवा दुरुस्तीसाठी. ती गेली कधी, परत आली कधी, याची नोंद व्हायची असते. ती झाली नाही, तर पुढं कर्ज फेडणाऱ्याचे हाल होतात.

खरेदीदार आधी फायली उघडून बघत असेल, असं तुम्हाला वाटेल. एकेक फाइल तपासावी हीच अपेक्षा आहे. मात्र ते शक्य नसेल तर किमान एक तृतीयांश कर्जं तपासावीत, आणि विकणाऱ्यानं दहा टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवावा, अशी सवलत त्याच निर्देशांनी दिली. म्हणजे तुमची फाइल उरलेल्या दोन तृतीयांशांत असू शकते आणि तिच्यात करारनामा आहे की नाही, हे तुम्ही शेवटचा हप्ता भरल्यावरच उघडकीला येतं.

या ठिकाणी कायदा कर्जदाराच्या बाजूनं आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६० सांगतं की गहाण फिटलं की गहाणदाराच्या, म्हणजे गहाण घेणाऱ्याच्या, ताब्यात किंवा अधिकारात असलेले सगळे कागद परत द्यायचे. गोदाम कंपनीकडे असले तरी ते बँकेच्या अधिकारातलेच. तेव्हा ‘कागद आमच्याकडे नाहीत, त्यांच्याकडे आहेत’ ही सबब नव्हे. रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ला याला धार लावली. कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत कागद द्यायचे आणि नोंदलेला बोजाही उतरवायचा. संस्थेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये कर्जदाराला. कागद हरवले असतील तर नक्कल काढायला मदत करायची, खर्च संस्थेचा, आणि त्यासाठी आणखी तीस दिवस. १ डिसेंबर २०२३पासून हे लागू आहे. कागद कधी आणि कुठे मिळतील, हे मंजुरीपत्रातच लिहायचं आहे. कर्जदार दगावला तर वारसांना ते कसे मिळतील, हे संस्थेच्या संकेतस्थळावर असायला हवं.

पण हे परिपत्रक व्यक्तिगत कर्जापुरतं आहे. भोसरीत किंवा चाकणमध्ये शेड टाकून दोन लेथ चालवणाऱ्याचं धंद्याचं कर्ज त्यात बसत नाही. त्यानं राहतं घर तारण दिलेलं असलं तरी नाही. त्याच्याकडे कलम ६० आहे, पण तीस दिवस नाहीत आणि पाच हजारही नाहीत. मला हे चुकीचं वाटतं. या पट्ट्यात ऑर्डर मिळाली की त्याला दुसऱ्या बँकेकडे धावावं लागतं आणि ती बँक कागद मागते. त्याचा एक महिना अडकला तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. घराच्या कर्जदारापेक्षा त्याला उशीर अधिक झोंबतो आणि नियमात मात्र तोच नाही.

बँकच बुडाली तर? पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना ऑक्टोबर २०२२मध्ये रद्द झाला. अशा वेळी चर्चा होते ती ठेवीदारांची. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तारण दिलेल्या कागदांना असा विमा नसतो. बँक अवसायकाकडे गेली की कर्जवसुली त्याच्याकडे जाते, तारणाचे कागदही. तिथं तुमच्या हातात एकच गोष्ट उपयोगी पडते. कर्ज घेताना तुम्ही कोणकोणते कागद दिले, त्या यादीवर बँकेचा सही-शिक्का. ही यादी मागून घ्या. कर्ज जुनं असलं तरी मागता येते. आणि तुमच्या घरावर आज कोणाच्या नावानं बोजा आहे, हे सेरसाई या केंद्रीय नोंदणीत थोडी फी भरून घरबसल्या बघता येतं. तिथं तुमच्या बँकेऐवजी वेगळंच नाव दिसलं, तर लेखी विचारा: माझी फाइल कोणाकडे आहे?

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांचं कर्ज फिटलंय आणि कागद आलेले नाहीत, त्यांनी आधी विचारावं.