लपण्यासाठी नव्हे, चकवण्यासाठी

टायटॅनिकबद्दल श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. तिची थोरली बहीण 'ऑलिंपिक' मात्र बुडाली नाही, म्हणून बिचारी लोकांच्या लक्षातही राहिली नाही. दोघी बेलफास्टच्या एकाच गोदीत बांधल्या गेल्या. 269 मीटर लांबी, चार धुराडी, आणि त्यांतलं चौथं मुख्यतः हवा खेळण्यासाठी. ऑलिंपिक 14 जून 1911 रोजी पहिल्या सफरीला निघाली आणि 1935 मध्ये भंगारात गेली. आज बोलायचं आहे ते तिच्या एका तैलचित्राबद्दल. खरं तर त्या चित्रातल्या पट्ट्यांबद्दल.

चित्र 1919 चं, चित्रकार आर्थर लिस्मर. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, पण 1911 मध्येच तो कॅनडाला गेला आणि महायुद्धाच्या काळात हॅलिफॅक्सच्या कलाशाळेचा प्रमुख होता. 6 डिसेंबर 1917 रोजी त्या बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला आणि सुमारे 2,000 माणसं गेली. तेव्हा लिस्मर जवळच बेडफर्डला राहत होता. याच हॅलिफॅक्स बंदरात, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना घेऊन आलेली ऑलिंपिक त्याने रंगवली. चित्र आता ऑटाव्याच्या कॅनडियन युद्ध संग्रहालयात आहे.

बघणारा आधी बुचकळ्यात पडतो. शांततेच्या काळात ऑलिंपिकचं अंग काळं आणि वरचे मजले पांढरेशुभ्र असत. इथे सगळ्या जहाजावर तिरपे, मोडलेले, एकमेकांना छेदणारे पट्टे. मग शेरा ठरलेला: चित्रकाराला नवकलेची हुक्की आली असावी! तशी काही हुक्की नव्हती. लिस्मरने समोर दिसलं ते काढलं. पट्टे आधी जहाजावर होते, मग कॅनव्हासवर आले.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. हे पट्टे जहाज लपवण्यासाठी होते, असं शिकलेली माणसंही सांगतात. अहो, चार धुराड्यांचं ते धूड भर समुद्रात लपवायचं कुठे? धूर तर क्षितिजापलीकडूनही दिसायचा.

शाळेच्या मैदानावरचा खो-खो आठवावा. पळणाऱ्या गड्याला लपायला जागा नसते. तो सगळ्यांना लख्ख दिसतो, आणि तरी सुटतो. कसा? हुलकावणी देऊन. खांदा एकीकडे, पाय दुसरीकडे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला माघारी वळता येत नाही, आणि गडी नेमका त्यावरच जगतो. पाणबुडीतून सुटलेल्या टॉर्पेडोचंही तसंच. तो जहाज आत्ता आहे तिथे सोडायचा नसतो. तो तिथे पोचेपर्यंत जहाज जिथे गेलेलं असेल, त्या जागी सोडायचा असतो. त्यासाठी कप्तानाने पेरिस्कोपमधून घाईघाईने बघून जहाजाचा वेग, अंतर आणि रोख ताडायचा. पट्ट्यांमुळे नाळ कुठली आणि मागची बाजू कुठली याचाच घोळ झाला, तर सगळं गणित फसलं. शिवाय खो-खोत निदान खो देऊन दुसऱ्याला उठवता येतं. पाणबुडीला तीही सोय नव्हती. पाण्याखाली तिचा वेग ताशी 8-9 सागरी मैल, ऑलिंपिकचा 21 च्या वर. एकदा जागा चुकली की जहाज हातचं गेलंच.

म्हणून पुन्हा सांगायचं: लपण्यासाठी नव्हे, चकवण्यासाठी.

ही युक्ती 1917 मध्ये मांडली नॉर्मन विल्किन्सन या सागरचित्रकाराने. गंमत अशी की युद्धाआधी टायटॅनिक आणि ऑलिंपिक या दोघींच्या पहिल्या वर्गाच्या धूम्रपान-दालनांत त्याचीच तैलचित्रं लावलेली होती. टायटॅनिकमधलं, प्लिमथ बंदराचं चित्र तिच्याबरोबर तळाला गेलं. ज्याने ऑलिंपिकच्या आतली भिंत सजवली, त्याच्याच युक्तीने पुढे तिचं बाहेरचं अंग रंगलं. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याची कार्यशाळा होती आणि तिथे बऱ्याच तरुण स्त्री-चित्रकार काम करत. लाकडाची छोटी जहाजं रंगवायची, फिरत्या पाटावर ठेवायची आणि पेरिस्कोपमधून बघायचं: डोळा फसतो का? फसला तरच नकाशा गोदीकडे जायचा. डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टेही वेगळे असत.

याने जहाजं किती वाचली? ब्रिटिश नौदलाला स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्याच सुमारास जहाजं ताफ्याने जाऊ लागली होती, तेव्हा श्रेय कुणाचं हे वेगळं काढणं अवघड. खलाशांना धीर आला, एवढं मान्य झालं. 12 मे 1918 रोजी तर अमेरिकन सैनिक घेऊन निघालेल्या ऑलिंपिकने यू-103 ही जर्मन पाणबुडी धडकेनेच बुडवली. त्याचं श्रेय पट्ट्यांना देऊ नये. ते ऑलिंपिकचा कप्तान हेज आणि त्याच्या माणसांचं.

मग तैलचित्राचं महत्त्व काय? त्या काळची बहुतेक छायाचित्रं काळी-पांढरी. त्यांत पट्टा दिसतो, पण तो निळा की करडा ते कळत नाही. युद्ध संपल्यावर हे रंग भराभर खरवडून पुसले गेले आणि 1920 मध्ये ऑलिंपिक पुन्हा प्रवाशांच्या सेवेत आली. लिस्मरची प्रत्येक छटा तंतोतंत मानू नये, तो नोंदवहीतला कारकून नव्हता. तरी बंदरात उभं राहून रंगासकट पाहणाऱ्या जाणत्या डोळ्याची ही साक्ष आहे. तिला 'नवकला' म्हणून बाजूला सारणं हा निव्वळ आळस आहे.

एडवर्ड वॉड्सवर्थ या चित्रकाराबद्दल बोलायचं राहूनच जातंय. त्याने गोद्यांमध्ये स्वतः उभं राहून हे पट्टे रंगवून घेतले आणि मग 1919 मध्ये लिव्हरपूलच्या सुक्या गोदीतल्या अशा जहाजाचं भलंमोठं तैलचित्र केलं. जहाजाच्या अंगाशी रंगारी अगदी मुंगीएवढे दिसतात. तेही ऑटाव्यातच आहे, तिथल्या राष्ट्रीय कलादालनात. नातेवाइकांकडे कॅनडाला जाणाऱ्यांनी दोन्ही चित्रं एकाच दिवशी पाहावीत, आणि लिस्मरसमोर उभं राहिल्यावर आधी जहाजाची नाळ शोधावी.