पदवीनंतरची पहिली बाजारपेठ



भंडारा जिल्ह्यात पिकविणारे हात पुष्कळ आहेत. धानाच्या बांध्यांत रोवणी करणारे हात आहेत, आंधळगाव-मोहाडीच्या मागांवर कोसा विणणारे हात आहेत, पितळेला आकार देणारे हात आहेत. माजी मालगुजारी तलावांत जाळे टाकणारे हातही आहेत. उणीव आहे ती या हातांचे काम योग्य ग्राहकापर्यंत योग्य भावाने नेऊन पोहोचविणाऱ्या शिक्षित माणसांची. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुण-तरुणींनी या क्षेत्राकडे करिअर म्हणून पाहावे काय, आणि पाहावयाचे तर पहिले पाऊल कसे टाकावे, हा आजचा विषय आहे.

पदवीचा निकाल हाती पडला की घरात पहिला विचार होतो तो सरकारी नोकरीचा. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करण्यात गैर काहीच नाही. परंतु विक्रीचे काम मिळाले तर मात्र ‘एवढे शिकून शेवटी दारोदार फिरणे नशिबी आले’ असे म्हटले जाते. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकविलेले असते, म्हणून या शब्दांचा घाव खोल जातो. तरुण हे काम मन मारून पत्करतो आणि दोन-तीन महिन्यांत सोडून परत येतो. या अपयशाला बहुधा कुवतीची उणीव कारण नसते, तर कामाविषयीचा गैरसमज आणि तयारीचा अभाव कारण असतो.

विक्री आणि पणन

तयार झालेला माल ग्राहकाच्या गळी उतरविणे म्हणजे विक्री, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पणन ही त्याहून व्यापक गोष्ट आहे. ग्राहकाला काय हवे आहे हे आधी जाणून घ्यायचे, त्याप्रमाणे वस्तू घडवायची, तिची किंमत ठरवायची, ती कोणत्या मार्गाने त्याच्या हाती पडेल याची व्यवस्था लावायची आणि तिची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवायची, हा सारा व्याप पणनात येतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना उत्पादन, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी ही चार अंगे पाठ असतात. मात्र पुस्तकात ती चार वेगळ्या प्रकरणांत असतात. बाजारात ती एकाच दिवशी, एकाच दुकानाच्या फळीवर एकत्र भेटतात.

जिल्ह्यातील तीन धडे

हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पहिला धडा पितळेचा. भंडारा शहराची ख्याती एकेकाळी पितळी भांड्यांमुळे दूरवर पसरली होती. पुढे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील घराघरांत शिरले. ती भांडी हलकी होती, त्यांना कल्हईची गरज नव्हती आणि घासण्याचे श्रमही कमी होते. पितळ वाईट झाले नव्हते आणि कारागिराचा हातही बिघडला नव्हता. बदलली होती ती गृहिणीची गरज. मालावर प्रेम असावे, पण लक्ष ग्राहकावर असावे, हा या इतिहासाचा बोध आहे.

दुसरा धडा कोशाचा. ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांच्या कोशांपासून टसर रेशीम मिळते. कोश गोळा करण्यात ढिवर समाजाची, तर विणकामात कोष्टी समाजाची परंपरा मोठी आहे. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर असलेली करवतकाठी साडी हे विदर्भाचे वैभव आहे. परंतु कृत्रिम धाग्याचे स्वस्त कापडही ‘कोसा’ म्हणून विकले जाते आणि साध्या डोळ्यांना फरक कळत नाही. खऱ्या रेशमाचा धागा जाळला की जळलेल्या केसासारखा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गाठ होते. शुद्ध रेशमाची ओळख पटावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये ‘सिल्क मार्क’ हे चिन्ह सुरू झाले. ज्या विक्रेत्याला कोशापासून काठापर्यंतची हकिकत सांगता येते, त्याला किमतीबद्दल फार वाद घालावा लागत नाही. मालाचे ज्ञान हे विक्रेत्याचे पहिले भांडवल होय.

तिसरा धडा धानाचा, आणि तो हिशेबाचा आहे. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानापासून ६७ किलो साधा तांदूळ मिळावा असे प्रमाण धरले जाते. केवळ उदाहरणादाखल समजा, एका क्विंटल सुवासिक धानाला ३,३५० रुपये पडले आणि उतारा तोच मिळाला. मग तांदूळ ५० रुपये किलो झाला. भरडाई, पिशवी व वाहतूक यांचे ८ रुपये धरले की तो ५८ रुपयांवर जातो. दुकानदाराने स्वतःसाठी ७ रुपये ठेवले तर ग्राहकाला तो ६५ रुपयांना पडेल. या साखळीत उत्पादकाच्या वाट्याला नफा कोठे आला? एकतर कोंडा आणि कणी यांच्या विक्रीतून तो काढावा लागेल, नाही तर तोच तांदूळ अधिक भावाने घेणारा ग्राहक शोधावा लागेल. हा ग्राहक शोधणे हेच पणनाचे काम. भंडारा जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही ते २०२१ मध्ये मिळाले. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. ते नाव पुण्या-मुंबईच्या ग्राहकाच्या ओठांवर रुळविण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागते.

नांगर खपत नव्हता तेव्हा

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात पणनाचे एक उत्तम उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीला विष चढते असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता, त्यामुळे नांगर खपेनात. पहिली विक्री होण्यास सुमारे दोन वर्षे गेली. शेतकऱ्याच्या मनातील शंका दूर झाल्यावरच नांगराला मागणी आली. पुढे १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. कारखान्याची माहिती देण्यासाठी सुरू झालेले हे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठी वाचकांचे आवडते मासिक बनले. वाचकाला काही देऊन त्याचा विश्वास मिळवायचा आणि मग मालाची गोष्ट काढायची, ही रीत महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच पाहिली आहे.

नागपूरहून मुंबईस गेलेले केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये ‘विको’ची सुरुवात केली, तेव्हा दंतमंजन घेऊन त्यांनी घरोघर फिरूनच ग्राहक जोडले. दारोदार फिरणे हे कमीपणाचे लक्षण आहे असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

पहिल्या नोकरीची तयारी

पदवीच्या शेवटच्या वर्षातच तयारीस लागणे श्रेयस्कर. एखाद्या विद्यार्थ्याने गावातील महिला बचत गटाचे एकच उत्पादन निवडावे, मग ते पापड असोत, लोणचे असो वा पोहे. ते कोण घेते, का घेते, दुसऱ्यांदा का घेत नाही, याची विचारपूस पन्नास घरी व दहा दुकानांत करावी आणि निष्कर्ष दोन पानांत लिहून काढावेत. मुलाखतीत ‘अनुभव काय?’ असे विचारले जाते तेव्हा ही दोन पाने गुणपत्रिकेइतकीच उपयोगी पडतात. त्यातून गटातील भगिनींचाही फायदा होतो, हा लाभ वेगळाच.

शिकाऊ उमेदवारीचा मार्गही खुला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांनाही त्याचा लाभ मिळू लागला. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा पदवीधर प्रशिक्षणार्थीसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले होते. अशा संधींची माहिती जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात घ्यावी.

भाषेचा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. इंग्रजी शिकावी, सराव करावा. परंतु तुमसरच्या व्यापाऱ्याशी आणि लाखांदूरच्या शेतकऱ्याशी त्यांच्या बोलीत बोलता येणे ही शहरातील उमेदवाराजवळ नसलेली शक्ती आहे. बियाणे, खते, कृषी यंत्रे, औषधे, विमा अशा अनेक क्षेत्रांना ग्रामीण भाग जाणणारा प्रतिनिधी हवा असतो.

पहिले सहा महिने

पहिले सहा महिने कसोटीचे असतात. नागपूर भंडाऱ्याहून सुमारे साठ किलोमीटरवर, पण तेथील खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास यांत पहिल्या पगाराचा मोठा भाग जातो. महिन्याचे लक्ष्य ठरलेले असते. दहा दुकानांपैकी आठ दुकानदार ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. अशा वेळी नकार आपल्या मालाला किंवा वेळेला आहे, आपल्या व्यक्तित्वाला नव्हे, हे ओळखणे अगत्याचे. नकाराचे कारण त्याच दिवशी वहीत टिपून ठेवणारा प्रतिनिधी तीन महिन्यांत बाजार वाचू लागतो.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. महिनाअखेरीस लक्ष्य गाठण्यासाठी दुकानदाराच्या माथी गरजेपेक्षा अधिक माल उधारीवर मारण्याचा तो मोह होय. माल फळीवर पडून राहतो, पैसे थकतात आणि पुढच्या महिन्यात दुकानदार तोंड फिरवितो. पैसे वसूल झाल्यावरच विक्री पूर्ण होते, आणि ग्राहक दुसऱ्यांदा आला की पणन यशस्वी झाले असे समजावे.

सावधगिरी आणि सचोटी

‘मार्केटिंगची नोकरी’ या नावाखाली तरुणांची फसवणूकही होते. प्रथम काही हजार रुपये भरा, मग आणखी सदस्य आणा, त्यांच्या पैशातून तुम्हाला वाटा मिळेल, असे सांगितले जाते. ही नोकरीही नव्हे आणि पणनही नव्हे. पैसे फिरविण्याच्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी घातली आहे, आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजना निषिद्ध ठरविल्या आहेत. अशा सापळ्यात पैशापेक्षाही मोठे नुकसान होते. नातेवाईक, शेजारी आणि वर्गमित्र यांनाच त्यात ओढले जात असल्याने माणूस स्वतःच्या गावात तोंड दाखविण्यास कचरतो. जी नोकरी उमेदवाराकडून पैसे मागते तिच्याकडे पाठ फिरवावी, हा साधा नियम लक्षात ठेवावा.

नियुक्तिपत्र लेखी मागून घ्यावे. विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तेव्हापासून नियुक्तिपत्राची तरतूद आहे. तो विषय संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आणि नियुक्तिपत्राची अट तिच्यातही आहे. पगार, भत्ता, कामाचा भाग आणि लक्ष्य यांचा उल्लेख पत्रात आहे की नाही हे वाचून पाहावे. हक्क मागण्यात उद्धटपणा नसतो.

हक्कांबरोबर जबाबदारीही येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक आहे. बचत गटाचे लोणचे असो वा मोठ्या कारखान्याचे, खाद्यपदार्थाला अन्नसुरक्षेचे नियम लागू होतात. हे नियम माहीत असलेला पदवीधर गावातील लहान उत्पादकाचा उत्तम सल्लागार होऊ शकतो.

जाणे आणि परतणे

शिकलेला तरुण नागपूर, पुणे किंवा मुंबईला गेला म्हणजे तो जिल्ह्याला कायमचा मुकला, असे मानण्याचे कारण नाही. मोठ्या बाजारपेठेत चार-पाच वर्षे काम केलेल्याला ग्राहकाची आवड, वितरकाची रीत आणि पैशाची आवक-जावक समजते. ते ज्ञान घेऊन तो गावी परतला, किंवा तेथे राहूनच गावच्या मालाला वाट करून देऊ लागला, तर एका माणसाच्या नोकरीतून अनेक घरांच्या चुली पेटतील. आंधळगावच्या विणकराला आपली साडी शेवटी कोणी नेसली हे कळेल, आणि पवनीच्या शेतकऱ्याला आपला तांदूळ कोणत्या ताटात पडला हे सांगता येईल.

पदवी हे महाविद्यालयाने दिलेले प्रमाणपत्र आहे. बाजारपेठ आपले प्रमाणपत्र हळूहळू देते, आणि ते शब्दाला जागणाऱ्यालाच देते. भंडारा जिल्ह्यातील तरुण-तरुणींनी ते मिळवावे आणि मुलगा किंवा मुलगी ‘विक्रीच्या कामावर’ आहे हे सांगताना आईवडिलांचा आवाज खाली न जाता अभिमानाने वर यावा, हीच शुभेच्छा.