बॉल येईपर्यंत थांबू नका

अष्टमीहून बोलतोय. आजचा विषय टेबल टेनिसमधला रिअ‍ॅक्शन टाइम.

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे आधी अ‍ॅपच लिहिलं. स्क्रीनवरचा दिवा हिरवा झाला की बोट टेकवायचं. महिनाभरात माझा आकडा 280 वरून 240 मिलिसेकंदांवर आला. खूश होतो. मग कुंडलिकेपलीकडे, रोह्यात, पन्नाशीच्या एका काकांनी मला सरळ तीन गेममध्ये हरवलं. वर म्हणाले, "अरे, तू बॉल आल्यावर हलतोस."

घरी येऊन हिशोब केला. टेबल 2.74 मीटर लांब. ताशी 50 किलोमीटर वेगाचा बॉल ते अंतर साधारण 0.2 सेकंदात कापतो. नुसतं दिसून हात हलायलाच माणसाला जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणजे समोरच्याने मारायच्या आधीच अंदाज बांधायला हवा. त्याचा खांदा बघा, मनगट बघा, रॅकेटचा कोन बघा.

आता अ‍ॅप बंद. दोनच सराव करतो. पहिला मल्टिबॉल. जोडीदार टोपलीतून एकामागून एक बॉल देतो, आधी ठरलेल्या जागी, मग कुठेही. दुसरा सोपा वाटतो, पण नाही. तो सर्व्हिस करतो आणि मी नुसतं ओरडतो, "टॉपस्पिन" किंवा "बॅकस्पिन". माझ्या बाजूला टप्पा पडायच्या आत. सुरुवातीला दहातले चार बरोबर यायचे, आता सात येतात.

काकांकडून अजून हरतोच. पण परवा एक गेम घेतला!

करून बघा, आणि कळवा. भेटू पुढच्या भागात.