शोषक मोटरीची पारख

दिवाणखान्यांतील गालिचा घराची शोभा वाढवितो खरा. परंतु तोच घरांतील धुळीचें कोठारही असतो. केरसुणीनें वरवरचा केर निघतो, काठीनें झोडपल्यास थोडी धूळ उडते. पण तंतूंच्या मुळाशीं रुतलेला मळ व तेलाचा ओशटपणा पाण्यावांचून निघत नाहीं. म्हणून गालिचा जागच्या जागीं धुण्याचीं, उचलून नेतां येण्याजोगीं यंत्रें प्रचारांत आलीं. अशा यंत्रांत एक पंप साबणाचें ऊन पाणी गालिच्यांत फवारतो, आणि एक शोषक मोटर तेंच पाणी मळासकट टाकींत आणते. पाणी घालणें सोपें. तें परत काढणें कठीण. जें पाणी आंत राहतें, तें कुबट वास आणतें, बुरशी धरतें, आणि कधीं कधीं गालिचाही आकसवतें. म्हणून यंत्राचें यश मुख्यतः शोषक मोटरीवर अवलंबून असतें. आणि जो कारागीर घरोघर जाऊन याच कामावर पोट भरतो, त्याची अब्रूही तिच्याच हातीं असते.

या विद्येचा आरंभ मोठा मौजेचा आहे. लंडन शहरांत ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरानें धूळ फुंकून उडविणारें एक यंत्र पाहिलें. फुंकलेली धूळ फिरून खालीं बसणारच. मग ती ओढूनच कां घेऊं नये, असें त्याच्या मनांत आलें. एका उपाहारगृहांत खुर्चीवर रुमाल ठेवून त्यानें तोंडानें हवा ओढली. धुळीनें त्याचा जीव गुदमरला, पण त्याला आपला मार्ग सांपडला. १९०१ सालीं सिद्ध झालेलें त्याचें यंत्र इतकें अवजड होतें कीं, तें घोडागाडीवरून आणून रस्त्यांत उभें करीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरांत सोडीत. पुढें अमेरिकेंत, ओहायो राज्यांतील कँटन गांवीं, जेम्स मरे स्पँग्लर नांवाच्या झाडलोट करणाऱ्या माणसाचा दमा धुळीनें बळावूं लागला. त्यानें पंख्याची लहान मोटर, झाडूचा दांडा व उशीचा अभ्रा यांची जोडणी करून हातीं चालविण्याचें यंत्र बनविलें आणि १९०८ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. तेव्हांपासून प्रश्न उरला तो हा, कीं हातीं नेतां येईल एवढ्या लहान मोटरीचें बळ मोजावें कसें?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोटर पाणी ओढीत नाहीं. ती नळींतील हवा विरळ करते, आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला व तिच्याबरोबर पाण्याला नळींत ढकलतो. टॉरिचेल्लीनें १६४३ सालीं पारा भरलेल्या नळीनें या दाबाचें माप दाखवून दिलें. पाण्याच्या हिशेबानें हा दाब सुमारें ३४ फूट, म्हणजे ४०० इंचांहून थोडा अधिक भरतो. कितीही किंमत मोजली तरी कोणतीही मोटर या मर्यादेपलीकडे जाऊं शकत नाहीं. गालिच्याच्या यंत्रांतील एकटी मोटर साधारणतः १०० ते १५० इंचांपर्यंत पाणी उचलते. ही झाली मोटरीची उचल. दुसरें माप प्रवाहाचें. मिनिटास किती घनफूट हवा वाहते, तें. उचलीमुळें तंतूंना बिलगलेलें पाणी सुटतें आणि प्रवाहामुळें तें टाकीपर्यंत वाहून जातें. एकावांचून दुसरें लंगडें.

परंतु पत्रकांत जे दोन मोठे आंकडे छापलेले असतात, ते कसे मोजलेले असतात? उचल मोजतांना मोटरीचें तोंड अगदीं बंद केलेलें असतें. तेव्हां हवा मुळींच वाहत नाहीं. प्रवाह मोजतांना तोंड सताड उघडें ठेवलेलें असतें. तेव्हां उचल जवळजवळ शून्य असते. प्रत्यक्ष गालिच्यावर यांपैकीं कोणतीच स्थिति नसते. एका हमालानें चार मणांचें पोतें जागच्या जागीं तोलून धरलें, आणि दुसरा रिकाम्या हातांनीं वखारीपर्यंत धांवत गेला, तर मालकाचें काम दोघांपैकीं कोणींच केलें नाहीं. वखारींत पोतीं किती पोंचलीं, हाच खरा हिशेब. तसाच हिशेब मोटरीचाही आहे. इंचांतील उचल व घनफुटांतील प्रवाह यांचा गुणाकार करून त्यास ८.५ नें भागलें, म्हणजे हवेवर घडलेलें काम वॅटांत मिळतें. समजा, पाऊण इंच व्यासाच्या भोंकाशीं एका मोटरीची उचल ६० इंच व प्रवाह ५७ घनफूट आहे. गुणाकार ३४२०, भागाकार सुमारें ४०२ वॅट. तोंड बंद असो वा सताड उघडें, हाच गुणाकार शून्यावर किंवा शून्याच्या जवळ येतो!

यावरून पारखण्याची रीत आपोआप निघते. दोन मोटरींची तुलना एकाच मापाच्या भोंकाशीं करावी. तेथें जिची उचल अधिक, तिचा प्रवाहही अधिकच असणार. कारण भोंक तेंच आहे. मग भोंक कोणतें घ्यावें, तें कामावरून ठरतें. सोफ्याचें अरुंद तोंड आणि दाट विणीचा गालिचा हे लहान भोंकासारखे वागतात. गालिच्यावर फिरवायचें रुंद तोंड मोठ्या भोंकासारखें. दोन टप्प्यांच्या मोटरींत दोन पंखे असतात. पहिला हवा देतो, दुसरा तिला आणखी रेटतो. तीन टप्प्यांच्या मोटरींत तिसरा पंखा उचल वाढवितो, पण तेवढ्याच विजेवर बहुधा प्रवाह थोडा घटतो. त्यामुळें लहान भोंकाशीं तीन पंखे सरस ठरतात, मोठ्या भोंकाशीं दोन पंखे त्यांना गांठतात. यंत्रांत दोन मोटरी असल्यास हाच न्याय लागतो. एकीमागें एक जोडल्या तर उचल वाढते. शेजारीं शेजारीं जोडल्या तर प्रवाह वाढतो.

मोटर उत्तम असूनही काम निकृष्ट होतें, याचें कारण पुष्कळदां तिच्याबाहेर असतें. नळी जितकी लांब व अरुंद, तितकें बळ घर्षणांत खर्च होतें. टाकीच्या झांकणाचें रबर झिजलें असेल, तर हवा गालिच्यांतून न येतां फटींतून येते. मग नवी मोटर बसविणें म्हणजे फुटक्या घागरीस मोठा दोर बांधणें होय. नवी मोटर घेण्यापूर्वीं झांकण व नळी तपासावी.

राहतां राहिली सुरक्षितता. कोरड्या धुळीच्या यंत्रांत ओढलेलीच हवा मोटरीच्या तारांवरून जाऊन तिला थंड करते. ओल्या कामास अशी मोटर वर्ज्य होय. दमट हवा व फेंस तारांत शिरून यंत्राचा नाश आणि माणसाचा घात करूं शकतात. ओल्या कामाच्या मोटरींत ओढलेल्या हवेची वाट व थंडाव्याची वाट वेगळी असते. विजेचा दाबही पाहावा. अमेरिकेंत घरगुती वीज १२० व्होल्टची व साधा फांटा बहुधा १५ अँपिअरचा. म्हणून तेथील दोन मोटरींच्या अनेक यंत्रांस दोन दोरे असतात व ते वेगवेगळ्या फांट्यांवर लावावे लागतात. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आहे. लहान बटणाची ६ अँपिअरची खोबण १३८० वॅटांपर्यंतच पुरते. यापेक्षां भारी यंत्रास १६ अँपिअरची, भूतार जोडलेली खोबण हवी. तिकडची १२० व्होल्टची मोटर येथें सरळ जोडल्यास ती पाहतां पाहतां जळून जाईल.

तात्पर्य, मोठा आंकडा म्हणजे मोठें काम नव्हे. दुकानदारानें इंच किंवा घनफूट सांगितले कीं गिऱ्हाइकानें एवढेंच विचारावें, "हे दोन्ही आंकडे एकाच भोंकाशीं मोजले आहेत काय?" आणि काम आटोपल्यावर कोरड्या पांढऱ्या फडक्यानें गालिचा दाबून पाहावा. फडकें भिजलें नाहीं, तर मोटर बरी; भिजलें, तर पत्रक कितीही सुंदर छापलेलें असो, त्या घरीं कारागिराला दुसऱ्यांदा बोलावणें येणार नाहीं.