गोधडीचे तुकडे कापायला डाय मशीन घ्यावं का? (भागाचं शब्दांकन)

आजचा भाग थोडा वेगळा आहे. एरवी आपण मोबाईल, ॲप, नोकरी यावर बोलतो. आज कापड कापायच्या मशीनवर बोलायचंय. आमच्या कड्यात, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, आईचा अकरा बायकांचा बचत गट आहे. त्या गोधड्या शिवतात. पुण्यातल्या एका दुकानाने त्यांच्याकडे बाळगोधड्यांची मागणी केली आहे, महिन्याला वीस. आणि दुकानदाराची अट एकच: सगळे चौकोन सारखे पाहिजेत. मग गटात कुणीतरी व्हिडिओ पाहिला, त्यात मशीनचं हँडल फिरवलं की सहा-सहा चौकोन एकदम कापून बाहेर. झालं, कर्ज काढून मशीन घ्यायचं ठरत आलं, आणि मला फोन आला, "तू इंजिनिअर आहेस, कुठलं घ्यायचं ते सांग."

मी सॉफ्टवेअरवाला. पण प्रश्न चांगला होता, म्हणून सुट्टी काढून गावी गेलो आणि नीट बसलो. तेच आज सांगतो.

आधी एक गोष्ट. आपल्या जुन्या गोधडीला सारखे तुकडे लागतच नाहीत. लुगडं, धोतर, शर्टाची पाठ, जे असेल ते थरावर थर टाकायचं, वरून चिंध्या लावायच्या आणि धावदोरा घालत जायचं. तुकडा वाकडा असला तर पुढचा तुकडा त्याच्यावर बसवायचा. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बायका कवंदी करतात, तीही कडेपासून सुरू होते आणि आत आत जात मध्यावर संपते. तिथेही मोजपट्टीचं राज्य नाही. सारख्या चौकोनांची गोधडी हे शहरी गिऱ्हाइकाचं काम आहे. म्हणून पहिला प्रश्न मशीनचा नाही, "आपण कुठली गोधडी विकणार?" हा आहे. घरच्या गोधडीसाठी मशीन घेणं म्हणजे पैसे वाया.

आता बाळगोधडी. आकार ३६ बाय ४५ इंच. चौकोन कापायचा ५ इंचांचा. चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीची माया गेली की साडेचार इंच उरतो. आडवे आठ, उभे दहा, म्हणजे ऐंशी चौकोन. वीस गोधड्यांचे सोळाशे.

हे सोळाशे आज कसे कापतात? एक चौकोन नमुना म्हणून घेतात, खडूने रेघ मारतात, कात्रीने कापतात. आणि घाईत काय होतं, तर कापलेला तुकडाच पुढच्याचा नमुना होतो. रेघ नमुन्याच्या बाहेरून पडते, म्हणजे प्रत्येक वेळी तुकडा किंचित वाढतो. कॉपीची कॉपी काढल्यासारखं. तुकड्यामागे दोन मिलिमीटर वाढले, तरी आठ तुकड्यांच्या ओळीत सोळा मिलिमीटर. एक ओळ लांब, एक आखूड, कोपरे जुळत नाहीत आणि दुकानदार माल परत पाठवतो. खरी अडचण ही आहे. याला पहिला उपाय फुकट आहे: पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा एकच पक्का नमुना करा आणि कापडाचा तुकडा नमुना म्हणून वापरणं बंद करा. हे त्याच दिवशी केलं.

आता मशीन. बाजारात काय काय आहे ते बघू.

पहिलं, रोटरी कटर. पिझ्झा कापायची चकती असते तसं गोल पातं, खाली खास मॅट, वर जाड पारदर्शक पट्टी. जपानच्या ओल्फा कंपनीने हे १९७९ मध्ये आणलं आणि परदेशातलं गोधडीचं कामच बदललं. तीन-चार थर एकदम कापता येतात. वीज लागत नाही. पण पातं भयंकर धारदार असतं, घरात लहान पोरं असतील तर वापरून झालं की लगेच झाकायचं.

दुसरं, हाताने फिरवायचं रोलर मशीन. अमेरिकेतल्या ॲक्युक्विल्ट कंपनीचं 'गो' आणि सिझिक्सचं 'बिग शॉट' ही नावं तुम्ही व्हिडिओत ऐकली असतील. पाटीत पोलादी पात्यांचा आकार बसवलेला असतो, भोवती फोम. त्यावर कापडाचे थर, त्यावर प्लास्टिकची मॅट, आणि हे सगळं दोन रोलरमधून दाबून जातं. याचंच विजेवर चालणारं भावंडही मिळतं.

तिसरं, क्लिकर प्रेस. चपला-बुटाच्या कारखान्यात चामडं कापायला असतं ते. जड, ताकदवान, आणि हात मध्ये गेला तर संपलं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय न चालणारंच घ्यावं. घरातल्या ओट्यावरचं हे काम नव्हे.

चौथं, कॉम्प्युटरवर चालणारं, क्रिकट मेकर किंवा ब्रदरचं स्कॅनएनकट. हवा तो आकार कापतं, फूल म्हणा, मोर म्हणा. पण साधारण एकेक थर, चिकट मॅटवर. सोळाशे साध्या चौकोनांसाठी हे म्हणजे लिंबू कापायला कोयता.

आता हिशोब. आकडे तुमचे तुम्ही घाला, रीत तीच. आम्ही घड्याळ लावून मोजलं. खडू आणि कात्रीने एका चौकोनाला पाऊण मिनिट, म्हणजे ऐंशीला एक तास. रोटरी कटरने अर्धा तास. डाय मशीन आमच्याकडे नव्हतं, म्हणून कापड मांडण्यासकट एका फेरीला दीड मिनिट धरलं. सहा थर घेतले तर चौदा फेऱ्या, एकवीस मिनिटं.

म्हणजे कात्रीच्या मानाने मशीन एका गोधडीमागे सुमारे चाळीस मिनिटं वाचवतं. वीस गोधड्यांना आठशे मिनिटं, तेरा तास. तासाची मजुरी साठ रुपये धरली तर महिन्याला साधारण आठशे रुपये. समजा मशीन, डाय, मॅट मिळून ३६,००० रुपये. पंचेचाळीस महिने. पावणेचार वर्षं! आणि रोटरी कटरचा संच समजा ३,००० रुपयांचा. तो महिन्याला दहा तास, म्हणजे सहाशे रुपये वाचवतो. पाच महिन्यांत वसूल.

अजून थांबा. आमचा भाग ऊसतोडीचा. गटातल्या निम्म्या बायका दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर कोयत्यावर जातात, कारखाना बंद होईपर्यंत येत नाहीत. म्हणजे वर्षातले सातेक महिनेच काम. पंचेचाळीस महिन्यांचं काम व्हायला साडेसहा वर्षं लागतील. मशीन पाच महिने फडक्याखाली बसेल, हप्ता मात्र बसणार नाही. आधीच मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्या बाईच्या नावावर हे दुसरं ओझं घालायचं का? आईला मी एवढंच विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मग वाटेल, मशीन नकोच. पण हिशोबात न आलेली एक गोष्ट होती. गटात कापायचं काम शेजारच्या काकू करतात. कात्री धरून धरून अंगठ्याचा सांधा गेलाय त्यांचा. सगळ्या बायका वेळेबद्दल बोलत होत्या, त्या म्हणाल्या, "मला शिवायला दिसत नाही आता. कापणं पण गेलं तर मी गटात करू काय?" हँडल फिरवायला अंगठा लागत नाही, खांदा लागतो. आणि चौकोन शेवटपर्यंत सारखा येतो, नजर लागत नाही. ही किंमत तासांत येत नाही, पण ती खरी आहे.

म्हणून माझं मत असं. कर्ज काढून विजेचं मशीन, नाही. लाईट गेली की तेही गेलं. रोटरी कटर, मॅट, पट्टी, आत्ताच. हाताचं लहान रोलर मशीन घ्या, पण गटाच्या शिलकीतून, दुकानदाराने तीन महिन्यांची मागणी लेखी दिल्यावर, आणि एकाच डायसह. डायची हौस महागात पडते, मशीन एकदा घेतो, डाय घेतच राहतो.

घ्यायला गेलात तर हे बघा. स्वतःचं कापड न्या. दुकानदार नव्या कोऱ्या सुतीवर दाखवतो, आपल्याकडे जुन्या साड्या असतात. सिंथेटिक साडी सरकते, तिचे थर कमी घ्यावे लागतात. चारही कोपरे सुटे होतात का, की एखादा धागा अडकतो, ते बघा. डायवर लिहिलेलं माप कापलेल्याचं आहे की शिवल्यानंतरचं, ते विचारा. कापडाचा उभा धागा मशीनमध्ये जाण्याच्या दिशेला ठेवा, आडवा ठेवला तर कापड ताणलं जाऊन चौकोन लांबट होतो. मॅट झिजते, ती सुटी कुठे मिळते ते आधी विचारा. एका कंपनीचा डाय दुसऱ्याच्या मशीनला बसेलच असं नाही. खोकी कापायचे डाय करणाऱ्या कारागिराकडून स्वस्तात करून घेता येतो, पण त्यांची पाती साधारण २३.८ मिलिमीटर उंच असतात, तेवढी फट आपल्या रोलरला आहे का ते मोजा.

आणि वाया जाणारं कापड. डायवर कापड चहूबाजूंनी पाव इंच तरी बाहेर लागतं. साडेपाच इंचांच्या तुकड्यातून पाच इंचांचा चौकोन निघाला, तर शंभरातलं सतरा भाग कापड कडेला जातं. नव्या कापडाला हे लागतं. चिंधीला लागत नाही, तिच्या कडा तशाही गोधडीच्या पोटात जातात.

गटाची बैठक येत्या रविवारी आहे. निर्णय त्यांचा. काकूंनी हँडल फिरवून बघायचं कबूल केलंय, नगरला ओळखीच्या एकांकडे असं मशीन आहे. आता कड्याहून नगरला रेल्वे आहे, सगळ्याच जाणार आहेत, साड्यांचं गाठोडं घेऊन.

तुमच्याकडे गोधडीला काय म्हणतात, वाकळ की आणखी काही, आणि तुकडे कसे कापता, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.