सापसुरळी



कोल्हापूरच्या पश्चिमेस राधानगरीचा डोंगराळ मुलूख आहे. शाहू छत्रपतींनीं ज्याच्या बांधकामास हात घातला तें भोगावतीवरील धरण आणि दाजीपूरच्या रानांतील गवे यांमुळें हें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. १९५८ सालीं येथें गव्यांसाठीं अभयारण्य झालें. २०१२ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. परंतु गवा पाहावयास आलेल्या पाहुण्याच्या पायांजवळून, पाचोळ्यांत सळसळ करीत जो लहानसा जीव निघून जातो, त्याच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं; आणि गेलेंच, तर हात काठीकडे जातो. त्या सापसुरळीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हिला कोणी ‘सापाची मावशी’ म्हणतात. वस्तुतः ती पाल व सरडा यांच्या गोतावळ्यांतली. तिला विष नाहीं आणि विषाचे दांतही नाहींत. जगांत तिच्या कुळाच्या १७०० हून अधिक जाती आहेत. आपल्या अंगणांत नेहमीं दिसणाऱ्या जातीचें वर्णन श्नायडर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें १८०१ सालीं केलें. तिची पाठ जुन्या कांशाच्या रंगाची असून दोहों बाजूंस फिकट पिवळसर पट्टा असतो. अंगावरील खवले कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्याखालीं हाडाच्या पातळ चकत्या असतात. या चिलखतामुळें खडकाच्या फटींत शिरतांना तिचें अंग खरचटत नाहीं.

सकाळीं ती दगडावर ऊन खात पडते, कारण तिच्या अंगची ऊब बाहेरूनच यावयाची असते. अंग तापलें कीं शिकार सुरू. नाकतोडे, वाळवी, कोळी हें तिचें अन्न. जिभेनें ती हवेंतील व मातींतील वास टिपते आणि टाळूंतील एका विशेष इंद्रियाकडे पोंचविते.

आतां तिच्या शेपटीची गोष्ट. शेपटीच्या मणक्यांत मूळचीच एक दुबळी रेघ असते. शत्रूनें शेपूट धरतांच स्नायू आंवळले जाऊन तेथें ती तुटते. रक्तवाहिन्याही मिटत असल्यानें रक्त फारसें जात नाहीं. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, शत्रू त्याकडे पाहत राहतो आणि मालकीण बिळांत पोंचते. ठिपकेदार सापसुरळीच्या पिलांची शेपटी तर लाल असते. घाव डोक्यावर न पडतां शेपटीवर पडावा, हाच त्या रंगाचा उपयोग मानतात. मात्र हा सौदा स्वस्त नाहीं. शेपटींत चरबीचा सांठा असतो. तो शेपटीबरोबर जातो. नवी शेपटी येते, पण तिच्यांत मणक्यांऐवजीं कूर्चेची दांडी असते व ती रेघ नसते. पुन्हा तोडावयाची वेळ आली, तर जुन्या भागांतच, आणखी वर तोडावी लागते. म्हणजे ही पुंजी मोजकीच असते.

मग साप आणि सापसुरळी यांत भेद कसा करावा? सापसुरळीला चार पाय असतात, मिटणारी पापणी असते आणि कानाचें छिद्र असतें. सापाला यांतलें कांहींच नसतें. परंतु कांहीं जातींचे पाय इतके आंखूड असतात कीं घाईंत ते दिसत नाहींत. म्हणून दुहेरी सावधगिरी हवी. आपल्याकडे फुरसें आणि मण्यार यांसारखे विषारी सापही आहेत. सापसुरळी समजून कोणत्याही सळसळीवर हात टाकूं नये. अंधारांत कांहीं चावलें, तर ‘सापसुरळीच असेल’ म्हणून स्वस्थ न बसतां तात्काळ रुग्णालय गांठावें. आणि संशय आहे म्हणून काठीही उचलूं नये. चार पावलें मागें सरलें कीं ती आपोआप निघून जाते.

शेपूट टाकून घार, मुंगूस वा साप यांच्या तावडींतून सुटण्याची विद्या तिला अवगत आहे. माणसाच्या काठीपुढें मात्र ती विद्या चालत नाहीं. तेथें तिचें रक्षण आपल्या माहितीनेंच व्हावयाचें आहे. मुलांना आपण हें अवश्य सांगावें.